चाक क्रमांक ४१७

पंपघर, उम्म सिद्रा
२ नोव्हेंबर २०१९

ती. तिजानीकाकांना इब्तिसामचा सलाम. वि. वि.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून घडलं ते लिहून पाठवते.

१. गावाचे नळ कोरडे पडल्याच्या नवव्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, माझा भाऊ वज्दी आणि चाळीस जण फॉस्फेट धुण्याच्या कारखान्याच्या फाटकासमोर बसले.
२. ३० तारखेला पोलिसांनी त्यांना उठवलं. वज्दीला धरून नेलं.
३. कारखान्याची तक्रार अशी की, वज्दीनं २९ तारखेला पंपघरात शिरून मुख्य व्हॉल्व्हचं लोखंडी चाक, क्रमांक ४१७, काढून नेलं.
४. तक्रारीखाली साक्षीदार म्हणून नगराध्यक्षांची, म्हणजे तुमची, सही आहे.

पंपघराची किल्ली माझ्याकडे असते. वज्दी आत आलाच नाही. तुम्ही त्या दिवशी ट्युनिसला होतात. मग पाहिलंत काय? आई म्हणते, दिराचं नाव या घरात काढायचं नाही. मी काढते आहे. सही मागे घ्या. सुनावणी गुरुवारी, २१ला आहे.

लोभ असावा.
इब्तिसाम

नगरपालिका, उम्म सिद्रा
६ नोव्हेंबर

चि. इब्तिसामला तिजानीकाकाचे आशीर्वाद.

इंजिनियर बाईंची नोटीस मिळाली. काकाला आकडे घालून पत्र लिहितेस. तुझा बाप असता तर त्यानं आधी वज्दीच्या कानाखाली वाजवली असती.

२०११मध्ये आम्ही त्याच फाटकासमोर बसलो तेव्हा मताला किंमतच नव्हती. हुकूमशहा होता, म्हणून अकरा दिवस कारखान्याचं पाणी तोडलं. आता मतपेटी आहे आणि मी तिच्यातून निवडून आलोय. पाणी हवं तर अर्ज करा. मी नको असेन तर २०२३मध्ये पाडा. चाळीस पोरांनी फाटक अडवून मला वाकवायचं, ही लोकशाही नव्हे. शिवाय कारखाना गावाला नवी जलवाहिनी देतोय. सही मागे घेतली तर तीही जाईल.

आंदोलन कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर घरी ये. तेव्हा मी माझ्या हातानं काढलेलं पंपघराचं चाक बैठकीत टांगलंय. ते बघ, मग मला शिकव.

वहिनींना सलाम. माया आहे म्हणून बोलतो.
तिजानी

पंपघर
८ नोव्हेंबर

मा. नगराध्यक्षांना, स. न. वि. वि.

सांगितलंत तशी काल तुमच्या घरी जाऊन आले. झकियाकाकूंनी पुदिन्याचा चहा दिला, पाहुण्यांना सांगतात ती अकरा दिवसांची गोष्ट मलाही सांगितली, आणि चाक उतरवायला स्वतः स्टूल आणून दिलं. इतकी वर्षं ते मी समोरूनच पाहिलं होतं. मागच्या बाजूला क्रमांक आहे, ४१७. फोटो काढला आहे.

पंपघराच्या वहीत जानेवारी २०११ची नोंद आहे: चाक गहाळ. तेव्हापासून तो व्हॉल्व्ह पान्यानं फिरवला जातो. तुम्ही क्रमांक न वाचता सही केलीत, असं मी सध्या धरून चालते.

अर्जांविषयी. मत मीही तुम्हालाच दिलं होतं. त्यानंतर गावानं सत्तावीस अर्ज दिले. पोचपावत्या आहेत, उत्तर एकाचंही नाही. नळ पुरते कोरडे नसतात तेव्हाही गावाला आठवड्यातून दोनच दिवस पाणी येतं. कारखान्याचं एक तासही थांबलेलं नाही. दोन्ही मीटर मीच वाचते. वज्दीचं फाटकासमोर बसणं हा अठ्ठाविसावा अर्ज समजा.

२१ला चाक घेऊन कोर्टात या. ते कोणी काढलं आणि का, हे स्वतःच्या तोंडानं सांगा. तेव्हा तुम्हाला गावात कोणी चोर म्हणालं नव्हतं, हेही सांगा. नाहीतर फोटो वकिलाकडे जाईल.

लोभाचं नंतर पाहू. येणार की नाही, ते सोमवार, १८ नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवा.

इब्तिसाम