चांगुणाच्या पाठचे

सोनाळा, ४ जुलै १९६६

सासूबाईंनी आज पुन्हा काढलंच. चांगुणा अंगणात सागरगोटे खेळत होती, तिच्या देखत. "पाठची दोन गिळली इनं. आता तिसऱ्यावर टपून बसली." सात वर्षांची पोर! तिनं गोटे गोळा केले आणि गोठ्याकडे निघून गेली.

शाळेत शिकवताना एवढ्या मुलींपुढे माझा आवाज चढतो, घरात चढत नाही. चांगुणाच्या वेळी सगळं सुरळीत झालं होतं. तिच्यामागची दोन्ही बाळं जन्मली त्याच दिवशी हळदीसारखी पिवळी पडली आणि गेली. आता पुन्हा सहावा महिना. झोप लागत नाही.

११ जुलै

अकोल्याला जाऊन आलो, मी आणि चांगुणाचे बाबा. दोघांचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. आर.एच. नावाचा एक घटक यांच्या रक्तात आहे, माझ्या रक्तात नाही. बाळ बापावर गेलं की त्याचं रक्त माझ्या रक्ताला परकं. पहिल्या बाळंतपणात चांगुणाचं थोडं रक्त माझ्यात मिसळलं. तिला काही झालं नाही, ती तर बाहेर आली होती. पण माझ्या रक्तानं तो परका ओळखून ठेवला आणि त्याला मारणारी द्रव्यं तयार केली. त्यांतही जाती आहेत म्हणे! एक थोराड, ती वारेचा पडदा ओलांडून बाळाकडे जाऊ शकत नाही. दुसरी बारीक — ती सरळ बाळापर्यंत पोचते आणि त्याचं रक्त फोडते. पिवळेपण त्याचंच.

म्हणजे माझ्याच अंगानं मारली माझी बाळं. मला तिथंच रडू फुटलं.

बाई म्हणाल्या, यात दोष कुणाचाच नाही. या खेपेला नागपूरला जा, तिथं बाळाचं रक्त बदलता येतं. आणि बाळानं आईचा गट घेतला असेल, तर काहीच होणार नाही.

एस.टी.त हे अकोट मागं पडल्यावर म्हणाले, "म्हंजे सुरुवात चांगुणापासूनच झाली ना? आई काय वेगळं म्हंते?" मी सोनाळ्यापर्यंत समजावत आले. तिच्या जागी पहिलं दुसरं कुणी असतं तरी हेच झालं असतं! ते खिडकीबाहेर पाहत होते.

१२ जुलै

सासूबाई विहिरीवर सांगून आल्या — "अकोल्याची डाक्टरीणबी तेच म्हंते. पह्यल्या पोरीच्या रक्तानंच झालं." आता गावात सगळ्यांच्या तोंडी डॉक्टरीणबाई.

२९ ऑगस्ट

यांनी सकाळी सांगितलं, "नागपूरले नेतो तुले. पैशाचं मी पाहतो. पण पोरगी धाड गावाले आशाताईजवळ राहीन. माह्या जिवाले तेवढी शांती दे." त्यांचेही डोळे भरले होते. दोन बाळं त्यांनीच पुरलीत.

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. नागपूर हातचं जाईल अशी भीती वाटली.

१ सप्टेंबर

आशाआत्याच्या घरी मजा येईल, असं सांगून पाठवली. तिनं सागरगोटे माझ्या हातात दिले. "बाळाले देजो."

नागपूर, २१ ऑक्टोबर

मुलगा. अजून काही कळत नाही. डोळे मिटायची भीती वाटते.

२४ ऑक्टोबर

पिवळा नाही! बाळाचा गट माझाच निघाला. रक्त बदलावंच लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, याला धोका कधी नव्हताच.

मी यांना तेच सांगितलं. चांगुणा माझ्या मांडीला मांडी लावून बसली असती तरी हा जगला असता. ते हसले, बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं. "पोरगी दूर ठेवली म्हून जगला हा. आता तरी पटलं ना तुले?"

माझ्या अंगातला आनंद तिथंच गोठला. हा गेला असता तरी तिच्यावर आलं असतं. हा जगला, तर आता पुरावाच मिळाला. पोरीनं करायचं तरी काय?

सोनाळा, ६ नोव्हेंबर

सासूबाईंनी बाळाची दृष्ट काढली. मग म्हणाल्या, "चांगुणाले आता तिकडंच शिकू दे. वर्षभर तरी इकडे आणू नोको." या वेळी मी ओरडले. भांडी घासणं थांबवून शेजारणी पाहत होत्या. माझी पोर माझ्या घरी येईल, आणि भाऊबीजेला भावाला ओवाळेल!

भाऊबीज

आशाताई भावाला ओवाळायला आल्या, चांगुणाला घेऊनच. मी बाळाला मांडीवर घेतलं, तिच्या हाती तबक दिलं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि अंदाजानंच ओवाळलं.

"डोळे उघड ना बाई. पाहा तरी तुझा भाऊ."

"नाई आई. मी पाह्यलं तं मरीन तो."