पिंप गेलं, आता माझी पाळी?

सानपाडा, रविवार

बायजास पुतळाअक्काचा जय भीम.

परवा पहाटे पाचला उठले, घागर विसळली, हंडा घासला आणि निळ्या पिंपात पाणी भरायला मोरीत गेले, तर पिंपच नाही! दिघ्याला होतो तेव्हा नळ पहाटेच यायचा. इथे दिवसभर पाणी असतं, पण अंगाची सवय जात नाही.

लेकाला उठवलं. रोहन म्हणाला, "वॉचमनला दिलं मी. आता आराम कर, आई. दुकानांच्या पाट्या वाचून वाचायला शिकलीस, आता निवांत पुस्तकं वाच."

सूनबाई सोनम आतून म्हणाली, "आणि उद्यापासून भाकऱ्या मी टाकणार."

दोघं एवढी गोड बोलायला लागली की मला शंका येते. आज पिंप, उद्या गॅस, परवा माझी खोली. मी सरळ विचारलं, "मला गावी धाडायचा बेत आहे का?"

रोहन हसला नाही. "बाबापण 'मी दमलो नाही' म्हणतच गेले, आई."

तरी अजून पुरता विश्वास बसलेला नाही हं. सोनम फोनवर हळू का बोलते, तिकडे माझं लक्ष आहे.

तू काळजी करू नको, मी खाऊनपिऊन बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का? पोरांचे माझ्या वतीने पापे घे.

काल पाचलाच जाग आली. सोनम हाक मारेपर्यंत मी अंथरुणात पडून राहिले.

तुझी,
पुतळाअक्का