थोबाडांचा पेपर

९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय केंड्रा,

मावशीचे भरभरून आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच, आणि पहिला प्रश्न पडला असेल की म्हातारीला माझा पत्ता दिला कुणी? सांगते. आधी इकडचं ऐक. हार्लनकाकांचा गुडघा आता बरा आहे, म्हणजे मासे धरायला जाताना बरा आणि कचरा टाकायला जाताना दुखरा. रताळी यंदा उदंड आली. माझं पार्लर चालू आहे. विल्मा दर गुरुवारी केस सेट करायला येते, आणि माझ्या कात्रीपेक्षा तिची जीभ जास्त चालते.

बुधवारी चर्चमध्ये जेवण होतं. तुझा नवराही होता. त्याने चर्चचं छप्पर फुकट दुरुस्त करून दिलं म्हणून पाळकांनी सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले. बायका तर त्याच्या ताटात वाढता वाढता थकेनात. "बिचारा रॉइस, बायको टाकून गेली, पण तोंडातून एक वाईट शब्द नाही!" तुझ्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे त्यांनी पाहिलेला नाही, मी पाहिलाय. मी भांडी घासायला आत गेले.

आता पत्त्याचं. तुझा पत्ता मला सरकारनेच दिला. गाडीचा दिवा बंद होता, त्या दंडाची कोर्टाची तारीख तू चुकवलीस, तुला धरून नेलं, फोटो काढला, संध्याकाळी सोडलं, हे सगळं मला कळलंय. लाजू नकोस. हार्लनकाकांच्या घरात तर निम्म्यांचे फोटो निघालेत. शुक्रवारी मी तुमच्या काउंटीत शेरिफच्या कचेरीत गेले होते. म्हटलं, विनंती करून तुझ्या अटकेचे कागद झाकता येतात का बघावं.

खिडकीतली पोरगी गोड होती. म्हणाली, "आजी, हा राज्याचा कायदाच आहे. अटक झाली की नाव, वय, पत्ता, नोकरी, गुन्हा, सगळं खुलं. कुणीही यावं, मागावं."

"अगं, पण कशाला हवंय ते तरी विचारता ना?"

"ते विचारायची आम्हालाच बंदी आहे."

आणि तुझा कागद तिने माझ्या हातात ठेवला. माझं नावसुद्धा विचारलं नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तू गेल्यापासून मी तुझ्या एका ओळीची वाट बघत होते, आणि इथे तुझं घर, गल्ली, अगदी कामाची जागासुद्धा छापलेली. गाडीत बसून मी तो कागद पुन्हा वाचला. मग गाडीची दारं आतून लावून घेतली. का लावली, ते तेव्हा माझं मला कळलं नाही.

इथे कुणाला काही कळलेलं नाही. त्याची व्यवस्था मी केली आहे. निश्चिंत राहा आणि पोटभर जेवत जा.

तुझी,
ओलीटामावशी


१३ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय केंड्रा,

रविवारी लिहिलेलं पत्र मिळालं असेल. त्यात ज्या व्यवस्थेची मी फुशारकी मारली होती, ती काय होती ते आज सांगते. रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

पेट्रोल पंपावर दर गुरुवारी तो पेपर येतो ना, आसपासच्या पाच-सहा काउंट्यांत धरलेल्या लोकांच्या फोटोंचा? इथे त्याला सगळे थोबाडांचा पेपर म्हणतात. माझ्या पार्लरमध्ये त्याचा खेळ चालतो. मी फोटोखालच्या ओळीवर अंगठा ठेवायचा आणि बायकांनी नुसत्या चेहऱ्यावरून गुन्हा ओळखायचा. "हा दारू पिऊन गाडी चालवणारा." "ही चेक न वटलेली." आम्ही हसून हसून बेजार होतो. आपल्या गावचा एखादा सापडला तर विल्मा ते पान वर करून सगळ्यांना दाखवते. यात मी मागे नव्हते गं. अंगठा माझाच असायचा.

गेल्या गुरुवारी पान उलटलं आणि तू समोर आलीस. केस विस्कटलेले, डोळे रडून सुजलेले. मी पेपर मिटला, पोट दुखतंय म्हणून विल्माला ओल्या केसांनी घरी पाठवलं आणि तडक पंपावर गेले. गल्ल्यावरच्या फर्नकडे होते नव्हते तेवढे सगळे अंक विकत घेतले आणि घरी येऊन चुलीत घातले. मला वाटलं, केवढी मी हुशार!

अगं, हातभर पेपर घेऊन गेलेली बाई गावात लपते होय? फर्नला वाटलं, या वेळी अंकाला मागणी आहे. तिने फोन करून आणखी गठ्ठा मागवला, पहिल्यापेक्षा मोठा. आणि येईल त्याला सांगत सुटली, "ओलीटाने अख्खा गठ्ठा उचलला, कुणाचं तरी थोबाड नक्की झाकतेय!" एरवी जे चाळून टाकून देतात, त्यांनी या वेळी एकेक चेहरा निरखून पाहिला. आज विल्मा आली ती खुर्चीत बसायच्या आत म्हणाली, "आम्हाला सांगायचं तरी. आम्ही काय परके?" आणि मग हळूच, "रॉइसलाही फार वाईट वाटलं गं. आम्हीच दाखवला त्याला पेपर."

त्या पेपरात पत्ता नसतो, नुसतं नाव आणि काउंटी. म्हणून मी लगेच त्या खिडकीतल्या पोरीला फोन लावला. विचारलं, माझ्यानंतर आणखी कुणी मागितला का हा कागद?

"हो, मंगळवारी. अगदी सभ्य माणूस. आम्हा सगळ्यांना डोनट घेऊन आला होता. नाव सांगायची गरज नाही म्हटलं, तरी त्याने आपणहून लिहून दिलं. रॉइस टीग. नवरा."

मी शेरिफच्या माणसांनाही फोन केला. ते म्हणाले, "बाई, कागद मागणं हा गुन्हा नाही. त्याने काही केलं तर कळवा." काही केलं तर! मग मी कुणाला कळवायचं आणि कुणाबद्दल?

मला भीती वाटते केंड्रा. हे पत्र टपालात टाकणार होते, पण टपालावर आता माझा भरवसा नाही. उद्या पहाटे आम्ही दोघं स्वतःच निघतोय. पत्र बरोबर घेते.

तुझी मावशी


१४ ऑक्टोबर, शुक्रवार
कोंबड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर

केंड्रा,

कालचं पत्र यासोबत आहे, ते नंतर वाच. आधी हे.

तुझ्या घरी जाऊन आले. घरमालकीण म्हणाली, ती कामावर आहे, आणि वर म्हणाली, "आज तिची चौकशी फार होतेय. सकाळी तिचा भाऊ आला होता, फुलं घेऊन." तुला भाऊ नाही.

इथे फाटकावर पाळी सुटेपर्यंत कुणाला आत सोडत नाहीत, बाहेरही बोलावत नाहीत. पहारेकरी देवमाणूस आहे. ही चिठ्ठी तुझ्या हातात देतो म्हणालाय.

रॉइसची गाडी इथेच आहे, फाटकासमोर, माझ्या गाडीला लागून. मी आले तेव्हाच उभी होती. मला बघून तो उतरला, टोपी काढली आणि माझ्या काचेवर हळूच टिचकी मारली.

"काय मावशी, तुम्हीपण न्यायला आलात?" म्हणाला. "तुमचे उपकार हो. मी असले पेपर कधी हातात धरत नाही. तुम्ही लपवला नसतात, तर मी कशाला उघडला असता?"

हसत होता. पुढच्या सीटवर फुलं ठेवलेली आहेत.

म्हणून ऐक. पुढच्या फाटकाने येऊ नकोस. मागे, कोंबड्यांचे ट्रक उतरतात तिकडे हार्लनकाका रताळ्यांच्या टेम्पोत बसलेत. त्यांना त्याने पाहिलेलं नाही. घरी कपडे घ्यायला जायचं नाही. जशी आहेस तशी त्या टेम्पोत बस आणि डोकं खाली ठेव. कुठे जायचं ते मी काकांना विचारलं नाही, तूही मला कळवू नकोस.

मी इथून हलणार नाही. मी गाडीत दिसतेय तोवर त्याला वाटेल, तू याच फाटकाने येणार आहेस.

बाळा, पाळीचा भोंगा झाला की पळ. मला शोधू नकोस. इथून मी हाक मारलेली ऐकलीस, तरी वळून बघू नकोस. ती हाक माझ्या मनाने मारलेली नसेल.

पुढच्या फाटकाशी बसलेली,
तुझी मावशी