जलकुंभीत अडकलेला पाय

कुही, रविवार संध्याकाळ

तळ्यातली जलकुंभी उपसताना माझ्या धाकट्या भावाचा, दिनेशचा, पाय मुळांच्या जाळ्यात अडकला. वर नुसती हिरवी पानं, दिनेश दिसेचना. मग डोकं वर काढून ओरडला, "दोर फेक वं ताई!" दोर टाकून मीच ओढून काढला त्याला.

गेल्या उन्हाळ्यात तर सगळी काढली होती! पण तिला बी कशाला लागतंय? आडवी दांडी फुटते, टोकाला नवं रोप. राहिलेल्या तुकड्यांनीच तळं पुन्हा भरलं. ती हिरवी पानं डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आता म्हणतो, उद्या परत उतरतो, नाहीतर पानांखाली गुदमरून मासोळ्या मरतील.

"मरू दे! काहून जातं गा?" मी किंचाळलेच.

तो ओला दोर गुंडाळू लागला. मग हळूच म्हणाला, "मले बी भेव लागून राहिलं, ताई."