परबच्या कॅमेऱ्यातली धूळ

६ फेब्रु. ८५
कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात आज परब आला. लालबागचा फोटोग्राफर. संपात गळ्यात कॅमेरा अडकवून मिलच्या गेटवर आमच्यातच असायचा, घोषणाही द्यायचा. ह्यांना पकडलं तेव्हा पोलिसांनी ह्यांचाच फोटो समोर टाकला. मागे परबच्या स्टुडिओचा शिक्का. हे कुणाकडे बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे. पोलिसांच्या मारापासून उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.
मला ओळखलं नाही त्याने. "बाई, भिंगात धूळ शिरलीय. रविवारी लग्नाचं काम आहे."

७ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. डाव्या हाताने भाकरी मोडत होते, थांबले. "फोटो मात्र नीट काढायचा तो." एवढंच. मग जेवले.

८ फेब्रु.
दोन भिंगांचा कॅमेरा. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो. धूळ चिमूटभर, ब्रशने निघाली असती. शेठ ठाकूरद्वारला गेलेले. वरचं भिंग लख्ख पुसलं. खालच्याला आतून तेलाचं बोट फिरवलं, वर टेबलावरची धूळ फुंकली. बंद.
संध्याकाळी परबने वरून डोकावलं. "वा बाई! नवा केलात!"
हसले मी. बरं वाटलं. फार बरं.

१० फेब्रु.
नायगावला कुसुमच्या लेकीचं, सुमनचं लग्न. कुसुम मिलमध्ये वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, माझ्या शेजारी असायची. तिच्या नवऱ्यालाही संपात पोलिसांनी उचललेलं, सुटून आल्यावर फार जगला नाही.
मंडपात फोटो काढायला परब.
थांबवायला हवं होतं. काय म्हणून थांबवणार? सुमनशेजारी मलाही उभं केलं, "बाई, इकडे बघा."

१९ फेब्रु.
दुपारी कुसुम घोडपदेवला आमच्या घरी आली, फोटो घेऊन. सगळे पांढुरके. सुमनला नाक-डोळे नाहीत.
"तू कॅमेऱ्याच्या दुकानात ना गो? ह्या असा कित्याक झाला?"
सांगायचं होतं. जीभ वळली ती भलतीकडेच. गेटवरचे फोटो कुणी काढले, पोलिसांकडे कसे गेले, सगळं सांगितलं. शिक्क्याचंही. तेलाच्या बोटाचं नाही.
कुसुमने फोटो तिथेच टाकून चपला घातल्या. "खंय जातंस?" मी विचारलं. "लालबागेक."
हे म्हणाले, "जा तिच्या मागे."
दिवेलागण झाली. मी अजून इथेच, लिहितेय. कुसुम अजून परतली नाही.