चार पंखांचा गीझर

९ मार्च

गुरुजींनी आज पुन्हा तेच केलं!

गेल्या महिन्यातला तो धूसर फोटो — धावपट्टीच्या कडेला अर्धंच दिसणारं विमान. शेपटीखालचं चाक आणि खिडक्यांमधलं अंतर पाहून मी ग्रुपवर लिहिलं होतं, हे प्रशिक्षणाचं विमान आहे, लढाऊ नाही. गुरुजींचं उत्तर: "बाळ, नजर तयार व्हायला वेळ लागतो." आज एका जुन्या मासिकात तोच फोटो सापडला. प्रशिक्षणाचंच विमान. आणि गुरुजी लिहितात, "माझाही अंदाज हाच होता."

बाळ! मी सत्तावीस वर्षांची आहे. पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात बसते. केसाएवढा फरक असला तरी पार्ट परत पाठवते.

१० मार्च

विसरलेली विमानं आणि क्षेपणास्त्रं फोटोवरून ओळखणं — यातून काय मिळतं, असं आईने आज परत विचारलं. काही मिळत नाही. फक्त एखाद्या फोटोतलं यंत्र एकदम नावानिशी समोर उभं राहतं, तो क्षण. आईला हे सांगितलं नाही. "टाइमपास," म्हटलं.

ग्रुप गुरुजींचा. निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत, एकटे राहतात, ॲडमिन तेच. "मला माहीत नाही" असं त्यांनी आजवर एकदाही लिहिलेलं नाही. हे कुणीतरी दाखवून द्यायला हवं.

१६ मार्च

कॉइल जळली म्हणून प्लंबरने गीझर काढून गच्चीवर ठेवलाय. आडवा, लांबोडका, रंग उडालेला. चहाचा कप घेऊन त्याच्याकडे बराच वेळ बघत उभी होते. मग पुठ्ठा शोधायला खाली आले.

१७ मार्च

पुठ्ठ्याचे चार पंख. नाकाच्या जागी नरसाळं. सगळ्याला राखाडी रंग. बाबा एवढे खूश, की मला ब्रशच देईनात! "शेपटी जरा वर घे. उडायच्या तयारीत वाटलं पाहिजे."

आई जिन्यातून: "उद्या आंघोळ कशाने करायची ते आधी सांगा, मग काय उडवायचं ते उडवा."

फोटो कृष्णधवल केला, जरा हलवला, कोपऱ्यात डाग पाडला. ग्रुपवर टाकला — "रद्दीत मिळाला. काय असावं?"

१८ मार्च

चहा गाळून होतो न होतो तोच उत्तर!

"सरावासाठी लक्ष्य म्हणून सोडायचं क्षेपणास्त्र, दुसरी आवृत्ती. मोजकीच बनली, मग प्रकल्प गुंडाळला. मात्र पंख मूळचे नाहीत. मूळचे तीन, हे चार आहेत. आणि बाळ, मला ते पुठ्ठ्याचे वाटतात. नाकही भलतंच. मधला भाग तेवढा अस्सल."

चहाचा ठसका लागला. पुठ्ठा ओळखला — आणि तरी क्षेपणास्त्र!

२० मार्च

दातांच्या डॉक्टरीणबाई ग्रुपवरच्या सगळ्यांत खवचट. त्यांनी लिहिलं, "गुरुजी, पुरावा? की नुसतीच कवळी?"

गुरुजी भडकले. "झाकणाचे आठ स्क्रू बघा. त्यातले दोन जवळजवळ आहेत. असं झाकण दुसऱ्या कशालाही नाही. जुन्या सहकाऱ्याकडून ड्रॉइंग मागवलंय. चुकलो तर ग्रुप सोडीन!"

 सापळा मी लावला होता, दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

२४ मार्च

गीझर परत भिंतीवर. त्याचा फोटो काढला — खाली बादली, बाजूला बाबांचा टॉवेल — आणि ग्रुपवर टाकला. "हेच ते क्षेपणास्त्र. दुसरी आवृत्ती."

हशाच हशा! डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, हसता हसता पेशंटचा जबडा उघडाच राहिला.

गुरुजींनी एकच विचारलं. "मधला भाग कुठून आणलात?"

मी: "दुकानातून. गीझर आहे गुरुजी. पाणी तापवतो."

त्यांचं उत्तर. "ठीक. शब्द दिला होता." आणि गेले. ग्रुपवर एक ओळ उमटली, अमुक सदस्य बाहेर पडले.

या वेळी बाळ म्हणाले नाहीत.

२६ मार्च

ॲडमिन मी. डॉक्टरीणबाई: "अगं, तूच घालवलंस त्यांना, आता तूच निस्तर." ग्रुपच्या मेलचा पासवर्ड गुरुजींनी न मागता पाठवला. 

२ एप्रिल

ग्रुपचा नुसता बाजार झालाय. थर्मास, व्हॅक्यूम क्लीनर, कुणाच्या तरी सासूबाईंचा हेअर ड्रायर — "ओळखा!" काल एकाने पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा खरोखर दुर्मीळ फोटो टाकला. खाली प्रतिक्रिया: "इस्त्री चांगली आहे, वॉरंटी किती?" अस्सल आहे म्हणून मी जीव तोडून सांगितलं. कोण ऐकतंय! गीझरवालीच ना मी.

बाबा म्हणाले, "त्यांना फोन कर."

"कशाला? चुकले ते."

"ते बरोबर होते असं कुठे म्हणतोय मी? फोन कर म्हणतोय."

नाही केला.

९ एप्रिल

ग्रुपच्या मेलवर ड्रॉइंग आलं. गुरुजींच्या नावाने, त्यांच्या त्या जुन्या सहकाऱ्याकडून. "उशीर झाला, माफ कर. हे घे तुझं लक्ष्य-क्षेपणास्त्र, दुसरी आवृत्ती."

म्हणजे असलं क्षेपणास्त्र खरंच होतं. तीन पंख. नाक निमुळतं. मध्ये स्टेनलेस स्टीलची टाकी, तिला झाकण. आठ स्क्रू, दोन जवळजवळ.

आमच्या गीझरचं झाकणही नेमकं तसंच, म्हणूनच गुरुजी फसले असणार. मी स्वतःला हे तीनदा सांगितलं. मेल माझ्याखेरीज कुणी पाहिलेली नाही. डिलीट करायला एक बोट पुरे. बोट तिथे बराच वेळ होतं.

डिलीट केली नाही. उद्या कारखान्यातला व्यास मोजायचा मोठा कॅलिपर घरी आणते. एकदा मोजलं, की विषय संपला.

१० एप्रिल

रंगाची जाडी वजा केली. व्यास जुळतो. पुन्हा मोजला. जुळतो. बाबांची दुसरी पाळी आहे, गीझर कुठल्या दुकानातून आणला ते उद्या विचारते.

११ एप्रिल

बाबा दाढी करत होते. "कुठलं दुकान! तुझ्या आजोबांनी भंगारातून टाकी उचलून आणली, आत कॉइल बसवली. चाळीस वर्षं झाली, गंज म्हणून नाही."

"मला कधी सांगितलं नाहीत!"

"तू कधी विचारलंस?"

गुरुजींना फोन लावला. ड्रॉइंग, व्यास, भंगार, "दुकानातून" हे माझं न तपासता ठोकून दिलेलं उत्तर — सगळं एका दमात सांगून टाकलं. चूक माझी आहे आणि ग्रुपवरही तसं लिहिते, म्हटलं.  

गुरुजी म्हणाले, "बाळ, ते सगळं राहू दे. आधी सांग — पाणी नीट तापतं का त्यात?"