नाक्यावरचा कडू घास

ता. १४ ऑक्टोबर १९५१, रविवार
सासूबाईंनी आज पुन्हा वहीत डोकावलं. "एवढं काय गं लिव्हती?" म्हटलं, आरत्या. त्यांना अक्षर येत नाही हे किती बरं. (पुढं सा.बा. लिहिते. शाई वाचते.)

धान्याची जिल्हाबंदी उठायचं नाव नाही. नीरेच्या मधोमध म्हणे पुणे जिल्हा संपतो आणि सोलापूर सुरू होतो. मी पल्याडची. लहानपणी पोहत अल्याड यायचे, तेव्हा ती हद्द कुणाला दिसली नाही. दोन्ही गावांची जत्रा एक, सोयरिकी एक. तेलघाणा अल्याड, बाजार पल्याड. आता इथं सासरच्या पेवात ज्वारी भरलेली आणि आईच्या घरी रेशनची तांबडी मिलो शिजते. मूठभर दाणा न्यायचा तर नाक्यावर शिपाई बसलेला.

सातवा लागला. दिवाळी झाली की तात्या न्यायला येणार. मला भाऊ नाही, म्हणून बापच मुराळी. आत्तापासून दिवस मोजू नये, पण...

ता. १७
अक्षर बघ कसं आलंय.

धुणं घेऊन नदीवर गेले होते. पंधरा-वीस दिवसांनी गेले असेन, सा.बा. जाऊ देत नव्हत्या. नाक्यावरचा शिपाई उठून उभा राहिला. लांबचा आहे, कोकणातला, बोलायला मऊ. म्हणाला, "वहिनी, वडिलांचं कळलं. वाईट झालं. मन घट्ट करा."

मला काही कळेना. म्हटलं, काय कळलं? तर तोच गोंधळला. "तुमचे वडील वारले ना?"

धुणं तिथंच टाकून धावत सुटले, पोट धरून, वरच्या अंगाला, जिथून माहेरचं शेत दिसतं तिथं. आणि समोरच्या काठावर तात्या. बैल धुत होते. जिवंत. बैलाच्या पाठीवर पाणी मारत होते.

मी खाली बसले. हाकसुद्धा मारली नाही.

त्याच दिवशी, नंतर
ह्यांना विचारलं. आधी कानावर हात. मग सगळं बाहेर आलं.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे भाकरी-पिठलं घेऊन जातात, तो कडू घास. ह्यांनी तोच पलीकडं नेला, माझ्या जित्या बापाच्या नावानं. डालीत वर भाकरी, खाली ज्वारी. कडू घासाच्या डालीत कोण हात घालतो? शिपायानं टोपी काढली म्हणे. मग दहाव्याला एकदा नेलं. तेराव्याला तर त्यानंच पोतं नावेत चढवू दिलं, पंगत व्हायची म्हणून. सगळी ज्वारी चढ्या भावानं पल्याडच्या बाजारात गेली.

"म्या कुठं काय केलं? आईनं सुचिवलं," हे म्हणतात. चाळीस मैल लांबच्या माणसासारखे म्हणतात.

सा.बा. चुलीपुढं शांत. "बोलल्यानं कुणी मरतंय व्हय? उलट आयुष्य वाढतं त्यानं."

माझी आई रोज कुंकू लावते. हे ह्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही. लाज कशी वाटत नाही माणसांना. जेवले नाही.

ता. १८
आज कळलं खरं संकट. तात्या ह्या काठावर आले आणि शिपायानं नाव विचारलं, की हे गजाआड. ह्यांनीच सांगितलं, मान खाली घालून. "पोराचा बाप आत गेलेला चालंल का तुला?"

म्हणजे तात्यांनी यायचं नाही. म्हणजे मी जायचं नाही.

ता. २१
वरच्या अंगाला गेले. तात्या पल्याड मोटेपाशी होते, हाक मारली तसे काठाशी आले. पाणी मध्ये, पण आवाज पोचतो.

"तात्या, तुमी हिकडं येऊ नका."
"का गं?"

काय सांगणार? ओरडून सांगायची गोष्ट आहे का ही? शेवटी सांगितलं. नाक्यावर तुमी मेलाय म्हणून सांगितलंय, आमच्या लोकांनी, ज्वारीसाठी. ओरडताना घसा फाटला.

तात्यांनी फेटा काढून झटकला. मग म्हणाले, "तेरावं घातलं का न्हाय माझं?"
"घातलं."
"गोड काय केलं हुतं?"

मी हसले. हसता हसता रडायलाच लागले. ते म्हणाले, आईला यातलं काही सांगू नको. आणि दिवाळी झाली की येतो म्हणाले. म्हटलं, तात्या, नका येऊ. "मेल्यावर लेकीला आणू नये असं कुठं हाय?" असं म्हणून पाठ फिरवून गेले. रागावले होते. पाठीवरून कळतं मला.

ता. २ नोव्हेंबर
दिवाळी संपली. काल भाऊबीज, चंद्राला ओवाळलं. सा.बा. म्हणतात बाळंतपण हितंच करू, गरवार बाईनं नदी वलांडू नये. लग्नात हीच नदी ओलांडून आणली तेव्हा चाललं. हे नाका टाळून वाट वाकडी करून येतात.

पोटातलं फार हलतं. मला आई पाहिजे. मोठी झाले तरी पाहिजे, त्यात लपवायचं काय?

ता. ११, रविवार, माहेरी
आले. कसं आले ते लिहून टाकते, नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

काल तात्या आले, शिपाई जेवायला गेला होता तेव्हा. पांढरा फेटा, धुतलेलं धोतर, सरळ पुढच्या दारानं. सा.बा. आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. हे माझी पेटी उचलून निघाले, तोंड पांढरंफटक. वाटेत तात्या फक्त एवढंच बोलले, "म्या माझं नाव सांगणार हाय. खोटं बोलून लेकीला नेणार न्हाय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. पेटी धरलेले हात कापत होते. किती रागावले होते ह्यांच्यावर, आणि तरी ते हात बघवेनात.

शिपाई पुढं आला. "पाहुणे कोण?"

तात्यांनी घसा खाकरला. "मी..."

"चुलते हायेत माझे," मी म्हटलं.

माझ्याच तोंडून. कुणी सांगितलं नव्हतं. शिपायानं तात्यांना हात जोडले. "तुमचे बंधू गेले, फार वाईट झालं." तात्या माझ्याकडं बघत होते. त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "चालायचंच."

हे पेटी नावेत ठेवून माघारी फिरले. नावेत तात्या माझ्याकडं पाठ करून बसले. पल्याड लागल्यावर हात देऊन उतरवलं मात्र नीट, पाऊल जपून. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पोटाशी धरलं. तिच्या कपाळावरचं कुंकू माझ्या गालाला लागलं. ते पुसवेना.

ता. १२
तात्या जेवतात, उठतात, शेतावर जातात. मी पाणी दिलं की घेतात. बोलत नाहीत. आई विचारते, वाटेत काय झालं गं तुमचं? काय सांगू? सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल.

ता. १३
शेजारचे आबा आले होते. तात्या ओसरीवर दावं वळत बसलेले. मी जोत्याशी शेंगा निवडत होते.

आबा म्हणाले, "कवा आली लेक? बाळंतपणाला व्हय?"

तात्या म्हणाले, "लेक न्हाय. पुतणी हाय माझी."

आबा खो खो हसले. तात्यांची चेष्टा गावाला ठाऊक आहे. आई दारात येऊन उभी राहिली, ती पण हसली. मीही हसायला तोंड उघडलं आणि तात्यांकडं पाहिलं.

ते हसत नव्हते.